पाणी कुणाला द्यायचं, हे गेमने विचारू नये

लातूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही चौघं मिळून एक फर्स्ट पर्सन शूटर (नायकाच्या डोळ्यांतून खेळायचा बंदुकीचा गेम) करतोय. युद्ध आणि दुष्काळ होऊन गेल्यानंतरचा मराठवाडा. 'मेट्रो २०३३' खेळल्यावर डोक्यात आलं. पण तो खेळताना पोटात जो गोळा येतो तो आमच्या गेममध्ये येत नाही. धुकं टाकलं, पडकी घरं टाकली, भीतीदायक संगीत टाकलं. काही ठिकाणी 'मदत करा' आणि 'लुटा' असे दोन पर्याय दिले. मित्रांना खेळायला दिलं तर ते न वाचता बटण दाबून पुढं पळतात. सर, कुठं कमी पडतंय?"

मी लेव्हल डिझाइनचं, म्हणजे गेममधल्या जागा आणि वाटा आखायचं काम करतो. आधी पुण्यात करायचो, आता संभाजीनगरला घरून. तुमचं बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी प्रत, मी पाहिलेलं नाही, पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट दिसते. वातावरणाची कामं तुम्ही एका यादीत ठेवली आहेत आणि निवडीची दुसऱ्या. एकाने धुकं करायचं, दुसऱ्याने संवाद लिहायचे. या जातीच्या गेममध्ये ही दोन्ही कामं एकाच टंचाईतून निघावी लागतात. ज्या वस्तूवाचून खेळणाऱ्याचा जीव जातो, तीच वस्तू दुसऱ्या कुणाला तरी हवी असली पाहिजे. हे जुळलं की धुकं नसलं तरी चालतं.

तुम्ही खेळलात तोच गेम घेऊ. 'मेट्रो २०३३' कीव्हच्या फोरए गेम्सने २०१० साली आणला. अणुयुद्धानंतर मॉस्कोची उरलीसुरली माणसं भुयारी रेल्वेच्या स्थानकांत राहतात, वर हवा विषारी, आर्त्योम नावाचा तरुण एका स्थानकावरून निघतो. लोक त्यातल्या अंधाराचं कौतुक करतात. मी त्यातल्या मास्कचं करतो. वर गेलं की मास्क लावायचा, आणि त्याचा फिल्टर संपत जातो. किती उरला हे मनगटावरच्या घड्याळात बघायचं. फिल्टर संपत आला की श्वास जड होतो, काच धूसर व्हायला लागते. कुणी झडप घातली तर काचेला तडा जातो, आणि तो तडा पुढं डोळ्यांसमोरच राहतो. मग खेळणारा मेलेल्या माणसाच्या तोंडावरचा मास्क चांगला आहे का, हे बघायला वाकतो. एरवी अंगावर काटा यावा असं हे कृत्य, पण तो ते सहज करतो, कारण श्वास अडकलेला असतो. ते त्याच्याकडून कुणी वदवून घेतलेलं नाही. नियमाने करवून घेतलं.

पुढं काय करायचं हे वाचायचं असेल तर आर्त्योम हातातली पाटी पुढं धरतो आणि अंधारात लायटर पेटवतो. तेवढ्यात गेम थांबत नाही. टॉर्च मंदावली की हाताने पंप मारून चार्ज करायची. ही सगळी हातांची कामं आहेत, आणि प्रत्येक काम करताना बंदूक खाली असते. पोटातला तो गोळा इथून येतो. कीव्हच्याच जीएससी गेम वर्ल्डने २००७ साली आणलेल्या 'स्टॉकर'मध्ये चेर्नोबिलच्या परिसरात हवेतले अदृश्य सापळे असतात. ते कुठं आहेत हे कळायला खिशातला बोल्ट काढून पुढं फेकायचा. रिकाम्या दिसणाऱ्या माळावर माणूस पावलापावलाला बोल्ट फेकत चाललाय, याहून भीतीदायक चित्र मला तरी ठाऊक नाही. त्यात चित्र म्हणून तर काहीच नाही, नुसतं गवत आहे.

आता गोळ्यांकडं या. 'मेट्रो'मध्ये युद्धाआधीच्या कारखान्यातली चांगली काडतुसं हेच चलन आहे. बोगद्यात बनवलेली काडतुसं कमअस्सल, ती झाडायला. चांगली काडतुसं झाडता येतात आणि ती जास्त मारही करतात, पण मग तुम्ही अक्षरशः पैसे झाडत असता. या एका नियमाने दुकान, लढाई आणि दान हे तिन्ही एकाच खिशाला जोडलेत. त्यामुळे स्थानकावर भीक मागणाऱ्याला एक काडतूस दिलं, तर ते खरोखर काहीतरी दिलेलं असतं. तुमच्या 'मदत करा' या बटणामागं खेळणाऱ्याच्या खिशातून काय जातं? काहीच जात नसेल तर तो न वाचता दाबणारच. त्यात मित्रांचा काय दोष?

त्याच गेममध्ये साशा नावाचं एक पोर सापडतं, त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढायचं असतं. पोर पाठीवर असलं की नेम हलतो, वळायला जड जातं. ते मागून कुठून काय येतंय तेही सांगतं. शेवटी आई भेटते आणि बक्षीस म्हणून काडतुसं पुढं करते. घेतली तर घेतली, कुणी काही बोलत नाही. नाकारली तर गेम आत कुठंतरी त्याची नोंद करतो. मला या प्रसंगातलं आवडतं ते हे, की ओझं आधी हातांना जाणवतं आणि प्रश्न नंतर येतो. ज्याच्यामुळे नेम चुकत होता, त्या पोराबद्दल तुमचं काहीतरी मत झालेलं असतं. राग असेल, माया असेल, पण कोरं राहत नाही.

नोंदीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथं घसरतात. 'मेट्रो'मध्ये अशा वागण्याचे गुण छुपे आहेत. चांगलं काही केलं की पडदा क्षणभर उजळतो, कानाशी हलका आवाज येतो, बास. आकडा कुठंही दिसत नाही. गुण नुसते दानधर्माला नाहीत. एखाद्या कोपऱ्यात दोन माणसं बोलतायत, तुम्ही थांबून शेवटपर्यंत ऐकलंत, तरी मिळतात. गिटार हाताळली तरी मिळतात. गुण पुरेसे जमले तरच शेवटी एक वेगळी वाट उघडते, नाहीतर ती वाट होती हेही कळत नाही. यावर लोक चिडतात. "ऐकत उभं राहण्यात कसली नीती?" असं विचारतात. मला ते पटतं, म्हणजे गेमचं पटतं. त्या कथेत मुख्य प्रश्नच असा आहे की समोरच्याला शत्रू मानण्याआधी तो काय म्हणतोय हे ऐकायला तुम्ही थांबता का. मग पूर्ण गेमभर तेवढंच मोजलं तर त्यात वावगं काय? पडदा उजळण्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दोनचारदा उजळला की हुशार खेळणारा कोपऱ्याकोपऱ्यात उजेड शोधत फिरायला लागतो. तुम्ही तोही ठेवू नका.

याच्या उलट टोकाला 'फॉलआउट ३', २००८ चा. तिथं कर्म नावाची पातळी आहे आणि ती वर-खाली झाली की गेम लगेच सांगतो. वस्तीच्या दारात बसलेला भिकारी शुद्ध पाणी मागतो. पाणी दिलं की कर्म वाढतं. पुन्हा दिलं की पुन्हा वाढतं. म्हणजे चार गावं लुटायची आणि वेशीवर येऊन बाटल्या वाटून धुऊन काढायचं. खेळणारे हे करतात, मीही केलंय, मजा येते. पण त्या भिकाऱ्याचा चेहरा कुणाला आठवत नाही. तो पाप धुवायचा नळ झालेला असतो. तुमच्या गेममध्ये पाणीच मुख्य असणार आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं. लातूरच्या पोरांनी पाण्याचं असं करू नये, एवढी माझी इच्छा आहे.

कारण पाण्याची खरी टंचाई कशी दिसते हे तुमच्या घरच्यांना विचारता येतं. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, मिळून ५ लाख लिटर. तेव्हा तुम्ही लहान असाल. आईला विचारा, टँकर आल्यावर नंबर कसे लागायचे, कुणाचे हंडे पुढं सरकायचे, ज्याच्या बोअरला पाणी होतं तो गल्लीत कसा वागायचा, आणि त्याच्याशी गल्ली कशी वागायची. यात तुम्हाला 'लुटा' हा पर्याय क्वचितच सापडेल. सापडेल ते असं: घरात बाळंतीण आहे म्हणून एक कळशी जास्त भरली. शेजारणीचा नंबर होता, ती गावाला गेली होती, तिचा हंडा भरायचा की आपला? नळाला पाणी आल्याचं कळलं, पण मागच्या गल्लीला सांगायला गेलो नाही. वाईट माणूस यात कुणीच नाही. तुमच्या निवडी इथून काढा.

आता धुक्याचं. काढून टाका. मॉस्कोच्या हिवाळ्यातलं ते धुकं तुमच्याकडं उसनं आलंय. आपल्याकडं मे महिन्यात बाराच्या ठोक्याला जे होतं ते पुरेसं भयंकर आहे. लातूर, बीड, संभाजीनगर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मे महिन्यात एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गुडूप होते. त्या दिवसांत दुपारी भिंतीला सावली नसते. शूटरमध्ये भिंत म्हणजे आडोसा. तुमच्याकडं भिंतीचे दोन उपयोग होऊ शकतात, गोळीपासून आडोसा आणि उन्हापासून आडोसा, आणि दुपारी दुसरा उपयोग नाहीसा होतो. चार वाजले की सावल्या लांबतात आणि नकाशा उघडतो. म्हणजे वेळ बदलली की वाट बदलली. नवी लेव्हल न बांधता एकाच वस्तीच्या दोन लेव्हल्स झाल्या. चौघांच्या टीमला हे फार परवडणारं आहे.

मग अंधाराचं काय? अंधार आसऱ्याची जागा होतो. बारव घ्या. परभणी, लातूर, धाराशिव, बीड, सगळीकडं जुन्या दगडी बारवा आहेत, काही बुजलेल्या, काही गावांनी अलीकडं साफ केलेल्या. खाली उतरत गेलं की गारवा, आवाज घुमतो, पारव्यांची फडफड. इथं खेळणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. त्याचा श्वास खाली आणा, पावलांचा आवाज मऊ करा. आणि मग त्याला वर यायला लावा. गेम ज्यावर बांधता त्या इंजिनमध्ये डोळे सरावण्याची जी सोय असते, ज्याने अंधारातून उजेडात आल्यावर पडदा पांढरा होतो, तिचा वेग कमी करा. दोनतीन सेकंद पुरेत. वर कुणी उभं असेल तर ते त्याला आधी बघतं. मेट्रोतला आर्त्योम उजेड टाळून अंधारात सुरक्षित असतो, कारण पहारेकऱ्यांना तो दिसत नाही. तुमचा माणूस उजेडाला भितो, कारण ऊन त्याला खातं आणि आंधळंही करतं. भीतीची दिशा हीच, कारण वेगळं, आणि ते कारण इथलं आहे.

आवाज टाकताना संगीत बंद करून सुरुवात करा. दुपारी होल्याचं एकसुरी घुमणं, सुटलेला पत्रा, दूर कुठंतरी हातपंपाचा कुईकुई आवाज. एवढं असू द्या. होला अचानक गप्प झाला की खेळणारा थांबला पाहिजे. दोनदा त्या शांततेनंतर काहीतरी घडवा, तिसऱ्यांदा काहीच घडवू नका. पायाखाली काय आहे त्याचे आवाज वेगवेगळे घ्या. काळ्या रानाच्या भेगा, मुरूम, ज्वारीची धसकटं. धसकटांतून पळालं तर आवाज होतो आणि पायाला इजा होते, हे ज्याने रान तुडवलंय त्याला सांगावं लागत नाही. शेत ओलांडायचं की बांधावरून उघडं जायचं, हाही एक प्रश्नच झाला.

मास्कच्या जागी ओला कपडा ठेवा. रुमाल, उपरणं, आईचं जुनं लुगडं फाडलेलं, काहीही. धुळीच्या वावटळीत तो तोंडाला बांधायचा आणि ओला असेल तरच तो काम करतो. तो वाळतो. वाळत चालल्याचं डोळ्यांसमोर दिसतं, खोकला सुरू होतो. ओला करायला पाणी लागतं. प्यायला तेच पाणी. गाडीच्या इंजिनला तेच. द्यायला तेच. तुमच्या चारही यंत्रणा एका कॅनमध्ये आल्या. पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याची पट्टी दाखवू नका. कॅन हातात उचलून हलवायची, आतून डुचमळण्याच्या आवाजावरून अंदाज घ्यायचा. ते करताना बंदूक खाली.

आता एक प्रसंग पूर्ण मांडून दाखवतो.

खेळणारा दुपारी बारवेत उतरतो. खालच्या टप्प्यावर एक म्हातारी बसली आहे, शेजारी पितळी कळशी, हातात पोहरा. तिने सकाळपासून शेंदून जेमतेम कळशीभर पाणी जमवलंय, हे तिच्या ओल्या दोरावरून आणि चिखलाने माखलेल्या पोहऱ्यावरून कळावं, संवादातून नको. खेळणाऱ्याला बघून ती घाबरत नाही. तांब्या भरते आणि पुढं करते. "घे बाबा. उन्हातनं आलास." आपल्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी देतात, ती तेच करते. युद्ध झालं म्हणून तिची रीत बदललेली नाही.

इथं कोणताही पर्याय पडद्यावर आणू नका. गेमभर पाणी पिण्याचं जे बटण आहे तेच इथं चालेल. दाबून धरलं की घोट ऐकू येतात, तांब्यातली पातळी खाली जाते. सोडलं की थांबतं. तांब्या संपला तरी बटण दाबलेलंच असेल तर म्हातारी तो पुन्हा कळशीत बुडवते. पुन्हा बुडवते. ती नाही म्हणणार नाही. कळशीत तांब्या बुडवताना तळाला घासल्याचा आवाज येईपर्यंत ती देत राहील. खेळणाऱ्याने बोट कधी उचललं, एवढीच नोंद करायची. इथं हो-नाही असं काही उरत नाही, किती वेळ, एवढंच उरतं. आणि ते त्याने स्वतःच्या बोटाने ठरवलेलं असतं. तहान लागलेली असताना बोट लगेच उचलणं किती अवघड आहे हे करून बघा. कॅन भरून घ्यायचीही मुभा ठेवा, त्याच बटणाने.

तो एकही घोट न घेता गेला तर? तर तिला वाईट वाटावं. "पी की, इटाळ हाय का माझ्या हातचं?" असं ती म्हणाली, तर त्या एका वाक्यात गावाचा किती जुना इतिहास येतो, बघा. पूर्ण नकार हे इथं पुण्य नाही. 'मेट्रो'त आईची काडतुसं नाकारणं चांगलं ठरतं, आपल्याकडं पाणी नाकारणं अपमान ठरू शकतो. म्हणून म्हणतो, त्या गेमची यंत्रणा घ्या, निकाल घेऊ नका.

परिणाम लगेच दाखवू नका. पुढच्या लेव्हलला वेशीवर एक पोरगा बंदूक घेऊन उभा आहे, तो तिचा नातू. त्याला सगळं ठाऊक आहे. कळशी रिकामी करून आलेला असेल तर तो दार उघडतो, पण काही बोलत नाही. दोन घोट घेऊन आलेला असेल तर विचारतो, "आज्जी बरी हाय ना?" दार दोन्ही वेळा उघडतं. बक्षीस नाही, शिक्षा नाही. फरक एवढाच की एकदा तुमच्याशी कुणीतरी बोललं.

कोडच्या बाजूने: एकच 'पुण्य' नावाचा आकडा ठेवू नका. घटनांची वही ठेवा. कुठं, कुणासमोर, काय, किती. आणि प्रत्येक पात्राला त्यातलं फक्त त्याला कळू शकेल तेवढंच वाचू द्या. कुणी पाहिलंच नाही ते कुणालाच कळत नाही, खेळणाऱ्याला सोडून. हे लिहायला अवघड नाही. एक साधी यादी आणि साक्षीदारांची नावं. आकड्यांची बेरीज केली की म्हातारीचं पाणी आणि वेशीवरची गोळी एकाच तराजूत येतात, आणि मग पुन्हा तो नळ सुरू होतो.

बंदुकीबद्दल लिहायचं राहिलं, आणि शूटरमध्ये तीच मुख्य. बहुतेक जण लढाई वेगळी आणि नीतीचे प्रसंग वेगळे ठेवतात. प्रसंग आला की बंदूक आपोआप खाली जाते, संवाद सुरू होतो. हे करू नका. या गेममध्ये खेळणाऱ्याचं मुख्य क्रियापद 'झाडणं' आहे, त्यामुळे 'न झाडणं' हीच त्याची सगळ्यात मोठी निवड. 'मेट्रो लास्ट लाइट'मध्ये, २०१३ च्या, साथीदार पडले की उरलेला एखादा हात वर करतो. संवादाचे पर्याय येत नाहीत. बंदूक त्याच्याकडं रोखलेली असते, बोट घोड्यावर असतं. ठार करा, बेशुद्ध करा, तसंच सोडा. त्याआधी त्याचं बोलणं तुम्ही अंधारातून ऐकलेलं असेल, तर अजून अवघड. तुमच्या पहारेकऱ्यांना म्हणून बोलतं करा. आणि बोलू द्या आपल्या बोलीत. मला बऱ्याच विद्यार्थ्यांच्या गेममध्ये भूम-परंड्याचा दरोडेखोर "तुम्ही येथे का आला आहात?" असं बोलताना दिसतो. हसू येतं, भीती जाते. लातूरकडचा असेल तर "काय करलालास रे हितं?" म्हणेल. संभाजीनगरचा दख्खनी हिंदीत मिसळून बोलेल. देगलूरकडचा मध्येच तेलुगू शब्द टाकेल. दोन पहारेकरी बहिणीच्या लग्नाच्या उसनवारीवरून भांडतायत, एवढं ऐकवलं तरी गोळीचं वजन वाढतं.

बंदूक खाली करायचं एक बटण जरूर द्या. ते दाबलं की समोरची माणसं ओळखतील, काही जण बोलतील, काही जण त्याचा फायदा घेतील. सगळ्यांनी फायदा घेतला तर खेळणारा ते बटण विसरेल, कुणीच घेतला नाही तर त्याला किंमत राहणार नाही. प्रमाण खेळवून ठरवा.

पडक्या घरांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, थोडी कडक वाटेल. किल्लारी तुमच्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या ढिगाऱ्यांचे फोटो टेक्श्चर म्हणून, म्हणजे गेममधल्या भिंतींवर चढवायला, वापरायचा मोह होईल, ते सहज मिळतात. वापरू नका. ज्यांच्या घरचे त्यात गेले ते लोक अजून आहेत, कदाचित तुमच्या वर्गमित्राच्या घरी आहेत. पडकं घर हवं असेल तर ते का पडलं, कधी पडलं, त्यात कोण राहत होतं हे तुम्ही स्वतः ठरवा आणि तसं बांधा. चूल कुठं होती, उतरंड कुठं होती, कोनाड्यात काय राहिलं. नुसता ढिगारा सगळीकडं सारखाच दिसतो. पळून गेलेल्यांचं घर आणि मेलेल्यांचं घर वेगळं दिसतं. पळून जाणारा जातं नेत नाही, पण कळशी नेतो.

भुयारं हवीच असतील तर मॉस्कोला जायची गरज नाही. देवगिरीची अंधारी एकदा बघून या, आणि पर्यटक म्हणून नको, डिझायनर म्हणून. ताशीव कडा, खंदक, एकच वाट, आणि ती वाट काळोख्या वळणांच्या बोगद्यातून. शत्रू वळणावर गोंधळून आपल्याच माणसावर तुटून पडावा, चुकीच्या उजेडाकडं गेला तर खंदकात जावा, वरून धूर सोडून गुदमरावा, असं तिथले वाटाडे सांगतात. आत उभं राहून टॉर्च विझवा आणि डावीकडं वळायचं की उजवीकडं हे भिंतीला हात लावून ठरवा. ज्याने ते खोदलं त्याला आपल्यापेक्षा जास्त लेव्हल डिझाइन येत होतं. संभाजीनगरच्या पोटातही मलिक अंबरच्या काळातलं जमिनीखालच्या पाण्याच्या नहरींचं जाळं आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. डोंगराकडून शहरात पाणी आणणारी ही वाट तुमच्या गेममध्ये माणसं आणणारी वाट झाली तर मला आवडेल. ज्या वाटेवर पाणी आहे तिच्यावर कुणाचा ताबा, हा प्रश्न आपोआप येतो.

शेवट किती ठेवायचे हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. एकच ठेवा. तो कोण-कोण बघायला हजर आहे, एवढं बदला. २०१९ च्या 'मेट्रो एक्झोडस'मध्ये शेवट माणसांच्या हजेरीवर ठेवणं नीट जमलंय. आर्त्योम मॉस्को सोडून आगगाडीने निघतो. वाटेत व्होल्गाकाठी, कॅस्पियनच्या वाळवंटात, तैगाच्या जंगलात तिथल्या माणसांशी तो कसा वागला, यावर गाडीतले साथीदार उरतात किंवा गळतात. शेवटी त्याला रक्ताची गरज पडते आणि रक्त देणारे पुरेसे उरलेत का, यावर त्याचं जगणं ठरतं. जमाखर्च माणसांत मांडला, आकड्यात नाही. तुमच्याकडं रक्ताऐवजी वेशीवरचा तो नातू आहे.

वेळ किती उरलाय ते तुम्ही लिहिलं नाही, पण शेवटचं वर्ष म्हणजे कमीच असणार. म्हणून काम असं लावा. सगळे संवाद-पर्याय आधी काढा. मग फक्त कॅन, ओला कपडा, ऊन आणि बारव एवढंच बांधा. म्हातारी, एक पहारेकरी, वेस. संगीत नाही, धुकं नाही, शत्रूंच्या लाटा नाहीत. ते मित्रांना खेळायला द्या आणि खेळून झाल्यावर "कसा वाटला?" असं विचारू नका, "मस्त" म्हणतील. विचारा: म्हातारीकडं किती पाणी उरलं होतं? ज्याला बरोबर आठवत असेल त्याने बोट कधी उचललं, ते वहीत बघा. कुणालाच आठवत नसेल तर कळशीचा आवाज वाढवा, तांब्या लहान करा, आणि पुन्हा द्या. हे जमल्याशिवाय दुसऱ्या लेव्हलला हात लावू नका. बिल्ड तयार झालं की पाठवा, हेडफोन लावून खेळतो.